इमानदार

मी आयुष्यातली अकरा वर्षं इमानदार होतो. तोही पूर्ण नव्हे, एक-तृतीयांश.

खुलासा करतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शब्दाच्या तोंडाशी 'वि' आला की जीभ त्यातला 'व' गिळून टाकते. विहिरीची इहीर होते, विस्तवाचा इस्तो होतो, विकलेलं इकलेलं होतं. त्याच नियमानं विमानाचं इमान होतं. मग जमीन असलेला जमीनदार, तर इमान असलेला कोण, हे सांगायला व्याकरणाचा मास्तर लागत नाही. ही पदवी मला बसस्थानकाजवळच्या एका पानठेल्यावर मिळाली. ठेलेवाल्यानं चुना लावता लावता "या, इमानदार!" अशी खणखणीत हाक मारली, आणि माझ्या शेजारी उभे असलेले एक सरकारी गृहस्थ दचकून दोन पावलं मागे सरकले. त्यांना वाटलं, आपल्यालाच टोमणा आहे.

तर इमान म्हणजे पुष्पक. जेट वगैरे काही मनात आणू नका. पाठीवर पंख, पोटाखाली दोन चाकं, शेपटीखाली एक टिचभर चाक, नव्वद घोड्यांचं इंजिन आणि शेजारी शेजारी दोन माणसं. सिनेमाच्या खुर्च्यांसारखी, हाताला हात लागणारी. हिंदुस्थान एअरक्राफ्टनं, म्हणजे आजच्या एचएएलनं, बंगळूरला बनवलेलं हे विमान सप्टेंबर १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढं दीडशेच्या वर पुष्पकं तयार होऊन देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. त्याच्या मागचं डोकं डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं. कोल्हापूरकडचा माणूस, जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला. आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की १८९५ सालची चौपाटी आणि तळपद्यांचं विमान निघतं, ते उडालं की नाही यावर दोन चहा होतात आणि माणसं जोरजोरात भांडून घरी जातात. मराठी माणसाच्या हाताखालून खरोखर उडालेली दीडशे विमानं मात्र कुणाच्या चहात येत नाहीत. भांडायला जागाच नाही ना त्यात. उडाली म्हणजे उडाली.

नाव ठेवताना बंगळूरकरांनी एक घोटाळा करून ठेवला. पुराणातलं पुष्पक विश्वकर्म्यानं बनवलं, ते कुबेराकडे होतं, रावणानं हिसकावून नेलं, आणि रामानं लंकेहून अयोध्येला येण्यापुरतं वापरून पुन्हा कुबेराकडे धाडून दिलं. लोक याला रामाची निर्लोभी वृत्ती म्हणतात. मी अकरा वर्षं देखभालीची बिलं भरली असल्यामुळे मला यामागे वेगळं कारण दिसतं. ज्याच्याकडे खजिना त्यानंच ते सांभाळावं. पण घोटाळा तो नव्हे. पुष्पकात कितीही माणसं बसली तरी एक जागा कायम रिकामी राहते, हे आमच्याकडे प्रत्येकानं कीर्तनात ऐकलेलं आहे. त्यामुळे माझ्या विमानात दोनच माणसं बसतात, हे वाक्य मी अकरा वर्षांत हजारदा बोललो आणि त्यावर एकाही यवतमाळकराचा विश्वास बसला नाही. "नाव पुष्पक ठेवलं अन् जागा नाही म्हणता? मंग कायचं पुष्पक?"

मी या भानगडीत पडलो तो कापसामुळे. वडील कापसाचे अडत्ये. १९७२ साली सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली आणि शेतकऱ्याचा कापूस थेट सरकारच्या काट्यावर जाऊ लागला. आमच्या दुकानात गादी राहिली, लोड राहिले, भिंतीवरची लक्ष्मी राहिली; फक्त गिऱ्हाईक राहिलं नाही. "तू वकील हो," वडील म्हणाले आणि मला नागपूरला धाडलं. मी वकिलीच्या कॉलेजात कमी आणि सोनेगावच्या विमानतळाच्या कुंपणाशी जास्त दिसू लागलो. तिथल्या जुन्या मेकॅनिकांचा एक लाडका विषय होता. १९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची टपालसेवा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांनी विमानं मध्यरात्री नागपुरात उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परतायची. त्या विमानांच्या मानानं आमचं पुष्पक म्हणजे बैलगाडीच्या मागे बांधलेलं वासरू. तरी मी त्या वासरावर बसायला शिकलो. वडिलांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हवेत तर तू लहानपणापासूनच होता. आता रीतसर गेला."

पुढं बऱ्याच वर्षांनी एक जुनं पुष्पक विकायला निघालं. आम्ही तिघांनी मिळून घेतलं : वर्ध्याचे एक दंतवैद्य, नागपूरचे एक संत्र्यांचे व्यापारी आणि मी. किंमत एका बऱ्या ट्रॅक्टराएवढी पडली. यवतमाळात ही किंमत ऐकून पहिला प्रश्न आला, "मंग ट्रॅक्टरच काहून नाही घेतला?" याचं समाधानकारक उत्तर मला आजही देता येत नाही.

दुसरा प्रश्न होता वाटणीचा. आमचा मुलूख सातबाऱ्याचा. तीन भागीदार म्हटल्यावर हिस्से कसे पाडले हे कळल्याशिवाय माणसाला झोप येत नाही. "डाव्या अंगचा पंख कोनाचा?" "इंजिन सामाईक ठेवलं का?" "तुमच्या वाट्याले काय आलं?" मी 'सगळंच सामाईक' म्हणालो की लोक एकमेकांकडे बघून समजूतदारपणे हसायचे. शेवटी, डॉक्टराकडे तोंड, संत्रेवाल्याकडे पंख आणि आपल्या यवतमाळवाल्याकडे शेपूट, अशी वाटणी गावानं परस्पर करून टाकली. तिची मौखिक नोंद आजतागायत कुणी रद्द केलेली नाही.

मात्र मालकी या विषयात यवतमाळकराला शिकवायला जाऊ नये. त्याचं शिक्षण शकुंतलेवर झालेलं आहे. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांवरची गाडी. ती किलिक निक्सन नावाच्या विलायती कंपनीनं कापूस वाहून न्यायला बांधली. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, पण हा एक तुकडा कागदोपत्री कंपनीचाच राहून गेला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. कागदावर मालक दुसराच, पण आमच्याकडे कुणाला विचारा, शकुंतला कोणाची? "आपली." बस. ती वाटेत कुणासाठीही थांबायची, म्हातारीचं गाठोडं चढेपर्यंत उभी राहायची, मग ती कंपनीची कशी असेल? हाच न्याय माझ्या विमानाला लागला. कागद माझा, दंतवैद्याचा आणि संत्रेवाल्याचा. इमान यवतमाळचं.

विमान राहायला नागपूरला होतं. यवतमाळला ते अधूनमधून यायचं, माहेरी आल्यासारखं. आमची धावपट्टी शहराबाहेर भारी या गावाशी. गावाचं नावच भारी. परगावच्या पाहुण्यांना ही आमची बढाई वाटते. एरवी तिथं निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांची गर्दी व्हायची, बाकी वर्षभर शांतता. तिथं उतरायच्या परवानगीचे कागद हा वेगळा विषय आहे. तो सोडून देतो. एवढंच सांगतो, विमान रिकामं असताना सुमारे ३९५ किलोचं होतं आणि कागद त्याहून थोडे जास्त.

त्या धावपट्टीवर एक राखणदार होता. माझ्या दृष्टीनं तोच कंट्रोल टॉवर. आमच्या पुष्पकात रेडिओ नव्हता आणि त्याच्याकडेही नव्हता, त्यामुळे संपर्कात कधी बिघाड आला नाही. मी वरून एक फेरी मारायचो. तो खाली काठी घेऊन निघायचा. धावपट्टीवरच्या शेळ्या एका बाजूला, रोही दुसऱ्या बाजूला. रोही म्हणजे नीलगाय. पण तिच्यात गाईचं काही नसतं, पिकात शिरते तेव्हा तर मुळीच नाही. सगळं मोकळं झालं की तो डोक्याचा शेला सोडून एका हातात उंच धरायचा. शेला ज्या दिशेनं उडेल तो वारा. जगभरच्या विमानतळांवर याच कामासाठी नारिंगी कापडाची पिशवी टांगलेली असते, पण ती पिशवी तुम्ही उतरल्यावर "लय हेलकावे खाल्ले आज" असं म्हणत नाही.

हेलकावे खायचोच. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत आमच्याकडची काळी जमीन नांगरून उन्हात पडलेली असते. ती तव्यासारखी तापते आणि तिच्यावरची हवा वर धावते. शेजारी सागाचं जंगल आलं की हवा पुन्हा खाली बसते. सहाशे किलोचं विमान या हवेत म्हणजे कढईतली पुरी. घारी मात्र त्याच हवेवर पंखही न हलवता वर चढायच्या आणि आमच्याकडे मान वळवून बघायच्या. पेट्रोल जाळून हेच करताय का, असा भाव. त्यातून ताप जास्त तर हवा पातळ, हवा पातळ तर पंखांना आधार कमी आणि इंजिनाला दम कमी. उन्हाळ्याच्या दुपारी उड्डाण करायचं तर धावपट्टी संपत आली तरी विमान जमिनीचा मोह सोडायला तयार नसायचं. मुलगी सासरी निघाल्यासारखं. मग आम्ही पहाटे पाचला उडायचो.

आणि वेग! नागपूर-यवतमाळ सरळ हवेतून सुमारे सव्वाशे किलोमीटर. पुष्पक ताशी एकशेतीस-पस्तीसनं जायचं. म्हणजे सुमारे तासभर. पण हे वारा नसताना. वाटही सोपी : वर्धा, देवळी, कळंब. खाली रस्ता धरून जायचं. वर्धा नदी ओलांडली की आपला जिल्हा. एकदा समोरून असा वारा लागला की आम्ही देवळीवरच टांगल्यासारखे झालो. खाली बघतो तर लाल दिव्याची एक पांढरी गाडी धूळ उडवत आमच्या मागून आली, बरोबरीला आली आणि पुढं निघून गेली. दंतवैद्य म्हणाले, "हरकत नाही. त्यांना समोरून वारा लागतच नाही."

विमान जमिनीवर असलं की यवतमाळकर त्याची तपासणी करायचे. पोटावरची 'व्हीटी' ही नोंदणीची अक्षरं वाचून हे मुंबईला बोरीबंदरपर्यंत जातं, असा निर्णय झाला. पेट्रोलचा डबा उघडला तेव्हा तर खळबळ उडाली. विमानाचं पेट्रोल ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घातलेला असतो. आमच्याकडे तेव्हा निळा रंग एकाच गोष्टीला असायचा : रेशनच्या दुकानातल्या रॉकेलला. दुसऱ्या दिवशी रेशनच्या रांगेत रॉकेल संपल्याची पाटी लागली, आणि रांगेतल्या सगळ्या बाया आमच्या घराकडे बघू लागल्या. बायको आठवडाभर भाजीला गेली नाही.

पण खरी गंमत झाली कापडाची. पुष्पकाचा सांगाडा आतून आणि त्यावर कापड ताणून बसवलेलं. त्या काळच्या छोट्या विमानांना असंच, सुती नाहीतर तागाचं कापड असायचं. ते चढवायचं, शिवायचं आणि त्यावर डोप नावाचं एक वार्निशासारखं रसायन हातावर हात देत लावायचं. डोप सुकलं की कापड आवळत जातं आणि डफासारखं ताणून बसतं. टिचकी मारली की वाजतं. ही गोष्ट गावात फुटली आणि लोकांच्या डोळ्यांतला आदर एका दुपारीत निम्मा झाला. इतके दिवस ज्याला ते पोलादी समजत होते ते धोतर निघालं! दुसरा निम्मा आदर मात्र दुपटीनं वाढला. "कापसाचं हाय? आपल्या कापसाचं?" मी म्हटलं, कापूस कुठला ते मला माहीत नाही. "मंग दुसऱ्या कोनाचा असंन?" इतकी वर्षं इथला कापूस शकुंतलेत बसून जात होता, कुठं जातो ते कळत नव्हतं. आज उडत परत आला म्हणे.

एका पावसाळ्यात, विमान भारीला असताना, पंखाच्या कापडाला भोक पडलं. नियमाप्रमाणे नागपूरहून परवानाधारक इंजिनिअर आले. मेणाच्या दोऱ्याचं रीळ आणि वीतभर लांबीची सुई काढून त्यांनी पंखाच्या आतल्या फासळ्यांना कापड शिवायला घेतलं. वरून सुई खाली, खालून वर, गाठ, पुन्हा पुढचा टाका. आमच्या गल्लीतला गादीवाला पिंजारी शेजारी उकिडवा बसून अर्धा तास गप्प पाहत होता. मग म्हणाला, "सायेब, टाका ढिला पडून राहिला." इंजिनिअर म्हणाले, हे विमान आहे, गादी नाही. तो म्हणाला, "ते दिसते. गादीवरून पडलं त मानूस मरत नाही." इंजिनिअरांनी त्याच्याकडे एक क्षण रोखून पाहिलं, तो टाका उसवला आणि पुन्हा घातला. पिंजारी उठला, हात झटकले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "कापूस आमचा, टाका आमचा. अन् इमान म्हने तुमचं."

दसऱ्याला पूजा व्हायची. विमान यवतमाळला नसलं तर लोक रागवायचे, म्हणून दर दसऱ्याला आणावंच लागे. पंख्याला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, इंजिनावर हळदीकुंकू. नारळ कुठं फोडायचा यावर दरवर्षी वाद व्हायचा, कारण जिथं फोडाल तिथं कापड होतं. शेवटी राखणदारानं आपल्या झोपडीसमोरचा एक धोंडा कायमचा विमानाच्या नावे करून दिला. गुरुजी संकल्प सोडताना अडखळले. "गोत्र?" मी म्हटलं, बंगळूर. त्यांनी क्षणभर विचार केला आणि "काश्यप" म्हणून पुढं गेले.

माझ्या आईचा या सगळ्याला विरोध होता, आणि तिचं कारण शास्त्रशुद्ध होतं. तिनं 'संत तुकाराम' पाहिलेला होता. प्रभातचा, १९३६ चा. गरुडाच्या रूपातलं विमान येतं आणि विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा त्यात बसून वैकुंठाला जातात तो. "इमान एकदा नेते," ती म्हणायची, "आनून सोडत नाही." मी उडून परत आलो की ती मला निरखून पाहायची. तिला आनंद व्हायचा, आणि थोडी निराशाही. पोरगा तुकोबाच्या पंगतीतला नाही, हे दर खेपेला सिद्ध व्हायचं.

आता वजनाचं सांगतो, कारण त्याशिवाय मामांची गोष्ट कळणार नाही. सगळं मिळून विमानानं ६१२ किलोंच्या वर जायचं नाही. रिकामं ३९५. उरले २१७. त्यात दोन माणसं, पेट्रोल, तेल आणि पाहुण्यानं 'एवढंसं' म्हणून आणलेली पिशवी. म्हणून बसणाऱ्याला आधी तोलावं लागे. यवतमाळात माणूस तोलायचं सोपं ठिकाण म्हणजे जिनिंगचा काटा. कापसाचा बोरा जातो तिथं माणूस उभा करायचा. तोलाऱ्याची जन्माची सवय. तो आकडा सांगायचा आणि लगेच ओलाव्याचे दोन किलो कापायचा. एका गृहस्थांनी तेच दोन किलो माझ्याकडे परत मागितले होते.

तर मामा. माझे नव्हेत, एका मित्राचे. पण आमच्याकडे मित्राचे मामा म्हणजे सगळ्यांचेच. कळंबकडे त्यांची कोरडवाहू शेती. शेजाऱ्याशी वीस वर्षं धुऱ्याचा वाद. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि तास म्हणजे नांगराची ओळ. त्यांचं म्हणणं, "थो दरसाल एक तास खाते. नांगरता नांगरता धुरा कोरते. मोजनीवाल्याले दिसत नाही. मले वरतून पाह्यचं हाय." नवरदेवाला लग्नाला उडत न्या, पोराला दहावीच्या पेपराला सोडा, असल्या मागण्या मी रोज नाकारत होतो. पण यात मला काहीतरी न्यायाचं काम दिसलं. अर्धीमुर्धी वकिली कुठंतरी बाहेर यायचीच होती.

मामांना काट्यावर चढवलं. पंचाहत्तर भरले, ओलावा कापून त्र्याहत्तर. पहाटे उडालो. कळंबच्या पुढं मामांना आपलं शेत दिसलं आणि त्र्याहत्तर किलोंचा माणूस नव्वद किलोंचा झाला. "थे पाय! थे पाय! थे पाय!" करत ते पुढं झुकले, माझ्या अंगावर झुकले, मग बाजूची काच सरकवून बाहेर झुकले. खाली शेजारी न्याहारीचं गाठोडं घेऊन धुऱ्यावरच उभा होता. मामांनी त्याला वीस वर्षांची थकबाकी एका दमात सुनावली. हजार फुटांवरून, नव्वद घोड्यांच्या आवाजातून शिवी खाली पोचत नाही, हे विज्ञान मामांना मान्य नव्हतं. खालच्याला वाटलं, फवारणीचं विमान आलं. एचएएलनंच १९७२ साली पिकांवरच्या फवारणीसाठी बसंत नावाचं विमान काढलं होतं, आणि तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्याच पुसदकडच्या गहुलीचे. यामुळे माझ्या एका चुलत्याची तर पक्की समजूत होती की साहेबांनी स्वतःच्या नावाचं विमान बनवून घेतलं. असो. खालच्यानं न्याहारीवर धोतराचा सोगा टाकला आणि वर बघून दोन्ही हात जोडले.

आम्ही चार घिरट्या मारल्या. पहिल्या दोन घिरट्यांत मामा बोलत होते. तिसरीत कमी बोलले. चौथीत गप्प. वरून धुरा स्वच्छ दिसत होता, आणि तो ज्या अंगाला कोरला गेला होता ते मामांचं अंग नव्हतं. नांगराचे तास मामांच्या शेतातून निघून बिनधास्त पलीकडे गेले होते. एक नव्हे, चांगले चार-पाच. मामांनी काच बंद केली. भारीला उतरेपर्यंत ते समोर बघत बसले. विमान थांबल्यावर उतरले, धोतर झटकलं, इकडं तिकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, इमानातली गोष्ट इमानातच राहू द्या."

वीस वर्षांचा वाद त्यानंतर हळूच थंडावला. शेजाऱ्यानं सगळ्या गावाला सांगितलं, मामांनी त्याच्या शेतावर स्वखर्चानं फवारणी करवून दिली म्हणून.

विमानं म्हातारी होतात ती हवेत नव्हे, कागदावर. एक सुटा भाग मिळेनासा झाला, मग दुसरा. दंतवैद्यांच्या गुडघ्यानं दगा दिला. आमच्या पुष्पकाला सेल्फ नव्हता. पुढं उभं राहून पंखा हातानं फिरवावा लागे, आणि तो झटका द्यायचं काम सुरुवातीपासून त्यांच्याकडे होतं. दात उपटायच्या हाताला ते बरोबर जमायचं. "स्विच ऑफ?" "ऑफ!" "कॉन्टॅक्ट!" मग एक झटका आणि चपळाईनं मागे उडी. उडी जमेनाशी झाली. संत्रेवाल्याच्या पोरांना विमानापेक्षा बंगल्यात रस होता. एका वर्षी उडण्यायोग्यतेचा दाखला काही नवा झाला नाही. शेवटी एका कॉलेजनं पोरांना दाखवायला म्हणून ते मागितलं आणि आम्ही देऊन टाकलं, नाममात्र पैशांत.

त्यानंतरचा महिना मी घराबाहेर पडायला घाबरत होतो. निवडणुकीचे दिवस होते. भरबाजारात, भाजीच्या ढिगापलीकडून, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज यायचा, "इमान इकलं म्हनते तुमी?" मी मान डोलवायचो. "कितीले?" मी आकडा सांगायचो. "येवढ्यात? लय सस्तं इकलं राजा!" आजूबाजूचे उमेदवार माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागले. भाव पाडतो हा, अशी.

जाण्याआधी विमान शेवटचं भारीला आलं ते ट्रकवर. मीच हट्ट धरला होता. वाट वाकडी करायचे पैसे मी दिले. पंख काढून बाजूला बांधलेले. राखणदारानं शेळ्या हाकलल्या. ट्रकला धावपट्टी लागत नव्हती, पण हाकलल्या. मग शेला सोडून उंच धरला. पिंजारी आला होता. त्यानं उघड्या पंखावर टिचकी मारून पाहिली, कान लावला, आणि टाका शाबूत आहे म्हणून सांगितलं. आईनं ओवाळलं. तिला पहिल्यांदाच खात्री पटली की आता पोराला कुणी नेत नाही.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याची गोष्ट. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत आणतात आणि दारोदार बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, मागतात. दुपारी दारात एक सात-आठ वर्षांचं पोट्टं उभं. राखणदाराचा नातू. हातात सुतळी, सुतळीला लाकडी बैल, बैलाला बेगड, शिंगांना गोंडे, आणि पाठीवर दोन्ही बाजूंना कापड ताणलेले दोन पंख. शेपटीखाली टिचभर तिसरं चाक. मी खाली बसून पंखाला टिचकी मारली. वाजलं.

मी खिशातून दहाची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती घडी करून चड्डीच्या खिशात घातली आणि हात पुन्हा पुढं केला.

"हे बैलाचे झाले. पेट्रोलचे?"